बनी तो बनी, नाहीतर अनुदान

महापालिकेचं अंदाजपत्रक तुटीचं निघाल्याचं सहसा कुणी ऐकलेलं नसतं. गटारं तुंबलेली असोत, पगार रखडलेले असोत, वीजबिलाची नोटीस टेबलावर पडलेली असो, मार्च महिन्यात सभागृहात जे जाडजूड पुस्तक येतं ते शिलकीच असतं. कोट्यवधींची जमा, कोट्यवधींचा खर्च आणि शेवटच्या ओळीत काही लाखांची अखेरची शिल्लक. यात कुणाची हातचलाखी शोधायला जाऊ नये. वर्षअखेर ठरावीक रोकड शिल्लक राहील अशा बेतानंच अंदाजपत्रक मांडायचं, असं १९४९ चा महापालिका अधिनियमच सांगतो. कायद्याचा मान राखायचा तर शिल्लक आधी लिहावी लागते. मग खर्च लिहायचा, कारण तो ठाऊक असतो. मधे जी दरी उरते ती भरायला जमेच्या बाजूला एक लेखाशीर्ष कायम तयारीत उभं असतं : शासनाकडून अपेक्षित अनुदान.

परभणी शहर महानगरपालिका या शास्त्रात अपवाद नाही. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं छातीठोक सांगणाऱ्या गावाच्या महापालिकेनं तुटीचं पुस्तक छापायचं म्हणजे जर्मनीचीही अब्रू जायची. त्याच गावाची दुसरी म्हण जास्त व्यवहारी आहे : बनी तो बनी, नहीं तो परभणी. जमलं तर जमलं, नाहीतर परभणी आहेच. महापालिकेच्या लेखापालानं या म्हणीत एकच दुरुस्ती केलेली दिसते. वसुली बनी तो बनी, नाहीतर अनुदान.

कायद्याला शिस्तीची भारी हौस. पुढच्या वर्षी कोणता कर किती दरानं घ्यायचा, हे २० फेब्रुवारीच्या आत ठरवावं आणि अंदाजपत्रक ३१ मार्चच्या आत मंजूर करावं, असा त्याचा दंडक. म्हणजे आधी उत्पन्न ठरवा, मग खर्चाचं बोला. प्रत्यक्षात फेब्रुवारीतली करांची चर्चा चहा गार व्हायच्या आत आटोपते, कारण दरवाढीचा प्रस्ताव आला की सभागृहातले सगळे पक्ष एका क्षणात एक होतात. एरवी नालीच्या टेंडरवरून एकमेकांच्या अंगावर जाणारी मंडळी करवाढीच्या विरोधात खांद्याला खांदा लावून उभी राहतात. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा येतो, ‘कोणतीही करवाढ नसलेलं अंदाजपत्रक’. राज्यातल्या बहुतेक शहरांत दर वर्षी तोच मथळा येतो. छापणाऱ्यांनी तारीख तेवढी बदलायची.

त्यानंतर स्थायी समितीची पाळी. आयुक्तांनी घरपट्टीच्या वसुलीचा जो आकडा धरलेला असतो तो समितीला फार भित्रा वाटतो. सदस्यांनी आपापल्या प्रभागातले रस्ते, सभागृहं, सुशोभीकरण असं सुचवलेलं असतं आणि ते आयुक्तांच्या आकड्यात मावत नाही. मग एक ठराव येतो : वसुलीचं उद्दिष्ट इतक्या कोटींनी वाढवण्यात यावं. ठराव मंजूर होतो. शहरातल्या एकाही माणसानं खिशात हात न घालता महापालिका पाच मिनिटांत श्रीमंत होते. पुढच्या वर्षी ‘सुधारित अंदाज’ नावाच्या रकान्यात ही श्रीमंती गुपचूप उतरवली जाते. तोवर चर्चा नव्या वर्षाच्या श्रीमंतीवर गेलेली असते.

हे कायम असंच होतं का? नाही. एके काळी गावाच्या वेशीवर जकात नाका होता. ट्रक थांबायचा, ड्रायव्हर खाली उतरून दोन शब्द बोलायचा, पावती फाटायची आणि संध्याकाळी रोकड नगरपालिकेच्या तिजोरीत. नाक्यावरच्या सगळ्याच पावत्या फाटायच्या असा दावा कुणी करणार नाही. जकातीची जी बदनामी झाली ती फुकट नव्हती. ट्रकांच्या रांगा, व्यापाऱ्यांची चिडचिड आणि नाक्यावर नेमणूक मिळावी म्हणून होणारी धडपड, सगळं खरं. पण त्या पैशाला एक गुण होता. तो रोज यायचा आणि मुंबईला न जाता यायचा.

१९९९ साली राज्य सरकारनं नगरपरिषदांची जकात बंद केली आणि बदल्यात सहायक अनुदान देऊ म्हणून सांगितलं. त्याच वर्षी १ मे रोजी हिंगोली वेगळा जिल्हा झाला. परभणीनं एका वर्षात जिल्ह्याचा लचका आणि नाक्यावरची कमाई, दोन्ही सोडलं. तेव्हापासून पगाराच्या तारखेचा संबंध परभणीच्या बाजारपेठेशी उरला नाही. मंत्रालयातल्या एका फाइलीशी जुळला.

पुढे गावाची बढती झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या तीन लाख सात हजारांच्या घरात भरली. महापालिकेला किमान तीन लाख लागतात, म्हणजे परभणी उंबरठ्यावर पाय अडखळत का होईना, आत गेली. १ नोव्हेंबर २०११ रोजी महापालिका अस्तित्वात आली. लातूर आणि चंद्रपूर थोडेच दिवस आधी याच वाटेनं गेले होते. नगराध्यक्षांच्या खुर्चीत महापौर आले, मुख्याधिकाऱ्यांच्या खुर्चीत आयुक्त आले, पाटी मोठी झाली. एक गोष्ट मात्र कुणी मोठ्यानं बोललं नाही. कालपर्यंत परभणी ‘अ’ वर्ग नगरपरिषद होती, बढती मिळाल्यावर ती ‘ड’ वर्ग महापालिका झाली. ‘अ’वरून ‘ड’वर गेल्याबद्दल फटाके फोडणारी परीक्षा महाराष्ट्रात ही एकच असावी.

महापालिका झाली म्हणजे स्वतःचं उत्पन्न हवं. जकातीच्या जागी राज्यानं स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी आणला होता. नाका नाही, पावती नाही. व्यापाऱ्यानं आपण होऊन माल किती आणला ते सांगायचं आणि कर भरायचा. माणसाच्या चांगुलपणावर एवढा विश्वास टाकणारा कर पुन्हा होणे नाही. २०१३ च्या उन्हाळ्यात मुंबई-पुण्यासह राज्यभरच्या व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध दुकानं बंद ठेवली. १ ऑगस्ट २०१५ पासून सरकारनं पन्नास कोटींच्या खालच्या उलाढालीला एलबीटी माफ केला. पुण्यात पन्नास कोटींच्या वरची गिऱ्हाइकं सापडत असतील. परभणीच्या कच्छी बाजारात तशी शोधायची तर दुर्बीणही आधी अंदाजपत्रकात धरावी लागली असती.

मग १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. महापालिकांचं बुडालेलं उत्पन्न भरून देण्यासाठी राज्यानं त्याच वर्षी कायदा केला : आधारवर्षातलं उत्पन्न धरायचं, त्यावर दर वर्षी वाढ द्यायची आणि दर महिन्याला रक्कम पाठवायची. कागदावर योजना सुरेख आहे. तिच्यात बारकी गंमत अशी, की ज्या शहरांनी आधारवर्षापर्यंत दणकून कर गोळा केला त्यांचा पाया मोठा आणि दरवर्षीची वाढही मोठ्या आकड्यावर. ज्यांची वसुली आधीच लंगडत होती त्यांचं लंगडणं टक्केवारीनं वाढत राहिलं. मुंबईला अनुदान मिळतं ते मुंबईच्या मापानं. परभणीला मिळतं ते परभणीच्या मापानं. सफाई कामगाराच्या वेतन आयोगाला मात्र शहराचं माप समजत नाही, तो सगळीकडे तोच.

आता राहिला हातातला एकच कर, मालमत्ता कर. लोकांच्या भाषेत घरपट्टी. हा कर लावायला मंत्रालयाची परवानगी लागत नाही, जीएसटी परिषद लागत नाही, दिल्ली लागत नाही. घर जागचं हलत नाही, ट्रकात घालून नेता येत नाही, त्याची उलाढाल लपवता येत नाही. करशास्त्राच्या पुस्तकात यापेक्षा सोपं सावज नाही. आणि तरीही परभणीतच नव्हे, जवळपास अख्ख्या देशात तेच सगळ्यांत जास्त निसटतं.

त्याची आकारणी ऐकली की निम्मं कोडं सुटतं. घर भाड्यानं दिलं तर वर्षाला किती भाडं येईल, याचा अंदाज करायचा. त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करायचे. उरलं ते करयोग्य मूल्य आणि त्याच्यावर टक्केवारीनं कर. आता नानलपेठेतला दोनशे वर्षांचा वाटावा असा वाडा, तीन भावांत वाटलेला, मधे भिंती घातलेला, एका भावाचं दार गल्लीत आणि दुसऱ्याचं बोळात. तो भाड्यानं कोण घेणार आणि किती देणार? ज्यांनी तो कधी दिला नाही आणि देणारही नाहीत, त्यांच्या कल्पनेतल्या भाडेकरूनं कल्पनेतलं भाडं दिलं असतं तर त्याच्यावर खरा कर बसतो. पलीकडे वसमत रोडवर नवी तीन मजली इमारत उभी राहिलेली असते; नोंदवहीत ती अजून ‘खुला प्लॉट’ असू शकते. म्हणून अधूनमधून सर्वेक्षण निघतं. हल्ली ते ड्रोन आणि जीआयएसनं करतात. वरून घराचा एकेक पत्रा मोजला जातो, नोटिसा निघतात, हरकतींचा ढीग पडतो, मोर्चा येतो आणि वाढीव आकारणीला स्थगिती मिळते. महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांत हे नाटक याच क्रमानं झालेलं आहे. ड्रोनचं बिल तेवढं स्थगित होत नाही.

घरपट्टीचं बिल निवांत वाचणारे लोक कमी. वाचलं तर त्यात साहित्यगुण पुष्कळ. सामान्य कर आहे, सफाईचा आहे, अग्निशमनाचा आहे, झाडांसाठी वृक्ष कर आहे. त्याच बिलात शिक्षण कर आणि दुकानदाराला रोजगार हमी कर असतो. हे शेवटचे दोन महापालिकेचे नाहीतच. १९६२ च्या कायद्याखाली ते राज्य सरकारचे आहेत. महापालिकेनं ते गोळा करायचे आणि सरकारजमा करायचे. म्हणजे स्टेशन रोडवरच्या दुकानदारानं भरलेल्या पट्टीतून खेड्यातल्या विहिरीच्या मजुरीला हातभार लागतो. खुद्द दुकानदाराचा चुलता त्याच खेड्यात त्याच विहिरीवर असण्याची शक्यता परभणीत बरीच असते. आता पाहा : महापालिका सरकारच्या अनुदानाची वाट पाहत बसलेली आणि सरकार महापालिकेकडून आपल्या शिक्षण कराची वाट पाहत बसलेलं. दोघंही एकमेकांना स्मरणपत्रं पाठवतात. पोस्टाचं एकट्याचं भलं होतं.

घर विकलं की मुद्रांक शुल्कावर एक टक्का अधिभार महापालिकेच्या नावानं घेतला जातो. तोही आधी राज्याच्या तिजोरीत जातो आणि मग सवडीनं परत येतो. परभणीचा पैसा परभणीला यायचा तरी त्याला मुंबईचं दर्शन घेऊनच यावं लागतं.

आणि ज्या तिजोरीकडे सगळे डोळे लावून बसलेत तिची अवस्था? १० मार्च २०२५ रोजी राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प विधिमंडळात मांडला गेला. सात लाख कोटींचं पुस्तक, त्यात ४५,८९१ कोटींची महसुली तूट आणि एकट्या लाडक्या बहिणींसाठी ३६,००० कोटी. या बहिणी परभणीतही आहेत आणि त्यांच्या दीड हजाराची तारीख चुकली तर बोंब होते. महापालिकेच्या अनुदानाची तारीख चुकली तर फक्त लेखापालाचा रक्तदाब वाढतो, आणि रक्तदाबाला मत नसतं. एवढ्यावरून एक अजब चित्र तयार होतं. ज्यानं द्यायचं ते राज्य उघडउघड तुटीत आणि ज्याला मिळायचं ते शहर पुस्तकात शिलकीत. देणारा रडतो आणि घेणारा कागदावर हसतो.

महापालिकेला अनुदान हे परभणीच्या शेतकऱ्याच्या पावसासारखं असतं : कधी येईल ते सांगता येत नाही, पण पेरणी त्याच्याच भरवशावर करायची. फरक इतकाच की पावसाच्या बाबतीत या जिल्ह्यानं सोय करून ठेवलेली आहे. शहरात वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, तिथून हवामानाचा सल्ला निघतो. सेलू तालुक्यातल्या गुगळी धामणगावचे पंजाब डख तर पावसाच्या अंदाजावर महाराष्ट्रभर प्रसिद्ध झाले आणि २०२४ मध्ये परभणीतून लोकसभाही लढले. पण वित्त खात्याच्या ‘बीम्स’ या निधीवाटपाच्या प्रणालीवर निधी कोणत्या दिवशी पडेल, हे सांगणारा माणूस या जिल्ह्यानं अजून जन्माला घातलेला नाही. साधारण अनुभव असा, की ३१ मार्चच्या रात्री उशिरा ढग फुटतात. तोवर कोषागारातले कर्मचारी, महापालिकेचे कर्मचारी आणि दोघांना चहा पोहोचवणारी पोरं जागीच असतात.

मार्चचा उल्लेख आलाच आहे तर वसुली पथकाला भेटल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. अकरा महिने घरपट्टी हा कागद असतो. बाराव्या महिन्यात तिला पाय फुटतात. सुटीच्या दिवशी भरणा केंद्रं उघडी राहतात. रिक्षाला भोंगा लागतो. शिक्षण विभागातला कारकून, बागेतला माळी, जन्ममृत्यू नोंदणीतला लिपिक, सगळ्यांच्या हाती पावतीपुस्तक येतं. जन्ममृत्यूवाल्याला पाहून लोक दचकतात, हा भाग वेगळा.

दारातला संवाद ठरलेला असतो.

“साहेब, नळाला पाणी यायलंय का? नाली काढायलेत का? मंग पट्टी कशाची मागायलात?”

“मालक, पाणीपट्टी येगळी अन् घरपट्टी येगळी.”

“पाणी तर येगळं येईना. पट्टी बरी येगळी येती!”

या युक्तिवादाला वसुली लिपिकाकडे उत्तर नसतं, कारण त्याच्याही घरी तीच गोष्ट. परभणीत कित्येक वर्षं आठ-दहा दिवसांनी नळाला पाणी आलं तरी लोक शेजाऱ्याला आवाज देऊन सांगायचे. पुढे जिंतूर तालुक्यातल्या येलदरी धरणावरून नवी योजना आली. त्या योजनेला केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा आणि महापालिकेचा स्वहिस्सा, अशी त्रिस्थळी यात्रा. मोठमोठ्या योजनांत सरकार नव्वद टक्के घालो की ऐंशी, उरलेले दहा-वीस उभे करायला घरपट्टीच लागते. ती लोक देत नाहीत, कारण पाणी येत नाही. पाणी येत नाही, कारण स्वहिस्सा नाही. यातला कोण आधी चुकला हे ठरवायला एखादी चौकशी समिती नेमता येईल. तिच्या भत्त्याचं लेखाशीर्ष मात्र रिकामं आहे.

पलीकडच्या गल्लीत निराळी तऱ्हा. तिथला ठेकेदार किंवा गॅरेजवाला थेट मुद्द्यावर येतो : “भाई, पिछले साल माफी निकली थी ना? इस साल भी निकलेगी. तबीच आना.”

हा माणूस करबुडवा नव्हे, अर्थशास्त्रज्ञ आहे. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते. वर्षाला चोवीस टक्के. पाच हजार रुपये पाच वर्षं थकवले तर नुसती शास्तीच सहा हजार होते, मुद्दलाला मागे टाकून. हा आकडा वाचून घाम फुटावा अशी कायद्याची अपेक्षा. पण थकबाकीदाराला माहीत असतं की कर्ज जितकं फुगेल तितकी महापालिकाच घाबरेल. शेवटी वसुलीचं उद्दिष्ट गाठायचं तर अभय योजना काढावी लागते : अमुक तारखेपर्यंत मुद्दल भरा, शास्तीत घसघशीत माफी. अपेक्षेइतका भरणा झाला नाही की तिला मुदतवाढ. त्यानंतर राष्ट्रीय लोकअदालतीत तडजोड. वर्षानुवर्षं एप्रिलमध्येच रांगेत उभा राहून भरणारा निवृत्त मास्तर हे सगळं पेपरात वाचतो. त्याला एप्रिल ते जूनमधल्या भरण्याची काही टक्के सवलत मिळालेली असते. शेजाऱ्याला पाच वर्षं न भरल्याचं बक्षीस त्याहून मोठं मिळतं. तरी मास्तर पुढच्या एप्रिलला पुन्हा पहिला. महापालिकांचा खरा पाया हे असले हेकट मास्तर लोक आहेत, आणि त्यांची संख्या कोणत्याही अंदाजपत्रकात वाढवून दाखवता येत नाही.

नगरपरिषदांना तर शास्ती माफ करायचा अधिकारच नव्हता. गंगाखेड, पाथरी, मानवत, जिंतूर, सेलू, सोनपेठ, पूर्णा, सगळीकडे दोन टक्क्यांचा डोंगर नुसता वाढत गेला. २०२५ मध्ये सरकारनं कायद्यात दुरुस्ती करून त्यांच्यासाठीही अभय योजनेची वाट मोकळी केली. म्हणजे आता जिल्ह्यातल्या प्रत्येक गावातल्या थकबाकीदाराला थांबण्याचं समान कारण मिळालं.

त्यात पूर्णेचं दुखणं न्यारं. पूर्णा हे रेल्वेचं जंक्शन. रुळ आले म्हणून गाव वाढलं. रेल्वेचं स्टेशन, वसाहत, मोकळी जमीन, सगळं भरपूर. पण राज्यघटनेच्या २८५ व्या कलमानुसार केंद्राच्या मालमत्तेवर नगरपालिकेला कर लावता येत नाही. नुसतं सेवाशुल्क मागता येतं, तेही किती सेवा वापरल्या त्याप्रमाणे करातला पाऊण, निम्मा किंवा तिसरा हिस्सा. गावातल्या सगळ्यांत मोठ्या घरमालकाकडून पट्टी नाही आणि टपरीवाल्याच्या पत्र्यावर मात्र पथक. रेल्वेला जप्तीची नोटीस काढावी असं एखाद्या मुख्याधिकाऱ्याच्या मनात आलंही असेल. पण सील लावायला गाडी थांबणार किती मिनिटं?

मोठ्या शहरांचा वसुलीचा थाटही वेगळा. पुणे महापालिकेनं थकबाकीदारांच्या दारात बँड वाजवून पाहिला. परभणीसारख्या गावात तो प्रयोग जपून करावा, दारात बँड वाजला की लोक आहेराची पाकिटं घेऊन यायचे. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला १९७० पासून चाळीस टक्के सवलत होती. ती काढली, ओरड झाली, २०२३ मध्ये परत दिली. मुंबईत जानेवारी २०२२ मध्ये पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. मुंबईला ते परवडतं, तिच्याकडे ठेवी आहेत. परभणीत पाचशे फुटांची माफी दिली तर जुन्या गावातल्या गल्ल्याच्या गल्ल्या वहीतून उठतील आणि वसुली पथकाला दिवसभर बसायला सावली शोधावी लागेल.

पंधराव्या वित्त आयोगानं शहाणपणाची अट घातली होती. शहरांना केंद्राचं अनुदान हवं असेल तर राज्यानं मालमत्ता कराचे किमान दर जाहीर करावेत आणि शहरांनी आपली वसुली राज्याच्या सकल उत्पन्नाच्या वाढीच्या वेगानं वाढवून दाखवावी. थोडक्यात, अनुदान हवं तर आधी अनुदानाशिवाय जगायला लागा. परीक्षा देणाऱ्यांची जात ओळखून काढलेला पेपर म्हणतात तो हा. आयोगाची आणखी एक अट, लोकांनी निवडून दिलेलं मंडळ असावं. आणि इथे महाराष्ट्रानं कमाल केली. परभणीच्या ६५ नगरसेवकांची निवडणूक एप्रिल २०१७ मध्ये झाली होती. मे २०२२ मध्ये मुदत संपली आणि ओबीसी आरक्षण, प्रभागरचना व न्यायालयाच्या तारखा यांत नवी निवडणूक जी अडकली ती १५ जानेवारी २०२६ पर्यंत. मधल्या काळात आयुक्त तथा प्रशासक हेच सबकुछ. आयुक्तांनी अंदाजपत्रक तयार करायचं, प्रशासकांना सादर करायचं, प्रशासकांनी ते बारकाईनं तपासून मंजूर करायचं, आणि दोघांची सही एकाच पेनानं. गदारोळ नाही, सभात्याग नाही, उपसूचना नाहीत. विरोध करणारं कुणी नव्हतं, तेव्हा करवाढीला यापेक्षा मोकळं रान कधी मिळणार होतं? पण निवडणूक चार वर्षं रोजच पुढच्या महिन्यात होती आणि निवडणुकीच्या तोंडावर पट्टीला हात लावायचा नसतो, हे प्रशासकालाही कळतं.

हे दुखणं एकट्या परभणीचं नाही. रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०२२ मध्ये महापालिकांच्या अर्थकारणावर अहवाल काढला. देशातल्या पालिकांचं उत्पन्न दहा-बारा वर्षं जीडीपीच्या एक टक्क्याच्या आसपास रेंगाळलेलं, असं त्यात दिसलं. ब्राझीलमध्ये हाच आकडा सात टक्क्यांच्या वर आणि दक्षिण आफ्रिकेत सहा. ‘भारतात परभणी’ हे यापुढे ब्राझीलवाल्यांसमोर जरा हळू आवाजात म्हणावं. घटनेची ७४ वी दुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली तेव्हा शहरांना कामांची मोठी यादी मिळाली. पैशाचं कलम मात्र असं लिहिलं गेलं की राज्य विधिमंडळानं ठरवलं तर, आणि ठरवेल तेवढे कर. काम पालिकेचं, मर्जी राज्याची.

नव्या सभागृहाच्या काळातही ३१ मार्चच्या संध्याकाळी भरणा केंद्रातल्या खिडकीशी जाऊन कुणी विचारलंच की, “भाऊ, तुमच्या स्वतःच्या घराची पट्टी भरली का?” तर आतला लिपिक मान वर न करता सांगू शकतो, “पगार झाला की भरतो, मालक.” पगार वसुलीवर अवलंबून, वसुलीत त्याचीही पट्टी थकलेली आणि तिच्यावर दरमहा दोन टक्के चालू. पगार थकलेल्या कर्मचाऱ्यांना घरपट्टीच्या शास्तीत शंभर टक्के सूट द्यावी, अशी उपसूचना एखाद्या सदस्यानं मांडलीच तर ती एकमतानं मंजूर व्हायला हरकत नाही. तिच्यामुळे येणारी तूट ‘शासनाकडून अपेक्षित अनुदान’ या शीर्षात तेवढीच वाढ करून सहज भागवता येईल.